कोवळा तारा ओळखायचा तर त्याचं लिथियम बघा

परवा एका ग्रुपवर तेजोमेघाचा (अवकाशातल्या गॅस-धुळीच्या ढगाचा) रंगीत फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘इथे तारे जन्मतात’. फोटो झकासच, पण त्या गर्दीत नेमका कुठला तारा नुकता जन्मलाय हे कळणार कसं? मागचेपुढचे म्हातारे लाल तारेही त्याच फोटोत घुसलेले असतात ना.

रोहिणीच्या जरा उत्तरेला टी टॉरी नावाचा तारा आहे, 1852 मध्ये जॉन हिंद या इंग्रज खगोलज्ञाला सापडला, प्रकाश सारखा कमीजास्त होणारा. 1945 मध्ये आल्फ्रेड जॉय या अमेरिकी खगोलज्ञाने असे 11 तारे मिळून एक गटच केला. हेच ते कोवळे तारे: सगळे काळ्या मेघांना चिकटून, आणि वर्णपटात (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात) हायड्रोजनची लाल रेघ (एच-अल्फा) झगझगीत, कारण भोवतालच्या चकतीतला गॅस ताऱ्यावर कोसळत असतो. (हा वृषभातला मेघ साधारण 450 प्रकाशवर्षांवर, रोहिणी 65 वर, म्हणजे एकमेकांशी संबंध नाही, तिथे रोज नवे तारे झाले तरी वृषभवाल्यांच्या प्रमोशनला काही फरक पडत नाही!)

पण एच-अल्फावर भरवसा ठेवता येत नाही, म्हातारे लाल बुटके तारेही चुंबकीय उचापतींमुळे ती रेघ दाखवतात. मग खरा पंच कोण, तर लिथियम, आपल्या मोबाइलच्या बॅटरीतलं.

ताऱ्याला जन्मताना मेघातून चिमूटभर लिथियम मिळतं, बाळगुटीसारखं. हलका तारा आतून गॅसवरच्या आमटीसारखा ढवळला जातो, वरचं खाली, खालचं वर, पार केंद्रापर्यंत. तारा आकसतो, केंद्र तापतं, आणि सुमारे 25 लाख अंशांना लिथियमच्या अणुकेंद्रावर प्रोटॉन आदळून त्याचे दोन हेलियम होतात. हायड्रोजन नीट जळायला याहून बरंच जास्त तापमान लागतं, म्हणजे लिथियम आधी संपतं, आणि ढवळण्यामुळे पृष्ठभागावरचंही खाली जाऊन जळतं. सूर्यासारख्या जड ताऱ्यात हे ढवळणं केंद्रापर्यंत टिकत नाही म्हणून थोडं उरतं, तिथे ही टेस्ट ढिली पडते, पण हलक्या ताऱ्यांत काही कोटी वर्षांत सगळं साफ.

म्हणून वर्णपटात 6708 अँगस्ट्रॉम (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) इथे बघायचं. म्हातारा आणि कोवळा, दोघंही एच-अल्फात चमकले तरी तिथे लिथियमची काळी रेघ फक्त कोवळ्याला असते.