पोट दिसतं, बाई दिसत नाही

लिओनार्दो दा विंचीने १५११च्या सुमारास काढलेलं गर्भाशयातल्या बाळाचं चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. गुडघे छातीशी घेऊन, अंग मुडपून बसलेलं बाळ. त्यातली वार (प्लासेंटा) जरा नीट पाहा. माणसात वार एकच, चकतीसारखी असते. इथे मात्र सुटे सुटे पुंजके दिसतात. ही रचना गाईची. लिओनार्दोने गाईचं गर्भाशय तपासलं होतं, तेच त्याने बाईच्या पोटात काढलं! आणि ती बाई तर चित्रात नाहीच.

विल्यम हंटर या स्कॉटिश डॉक्टरचा गरोदर बाईच्या गर्भाशयावरचा १७७४चा ग्रंथ शास्त्रीयदृष्ट्या कितीतरी पुढचा. ३४ मोठी चित्रं, त्यातली बहुतेक यान व्हान रिम्सडाइकने काढलेली. एका चित्रात दिवस भरलेलं बाळ डोकं खाली करून आहे आणि त्याच्या केसांचे वळसेही रेखाटले आहेत. आईच्या मांड्या मात्र मध्येच कापलेल्या, आतलं हाड दिसेल अशा. चेहरा नाही. प्रसूतिशास्त्राला या चित्रांचा फायदा झाला, हे खरंच. पण गर्भ म्हणजे आईपासून सुटा काढून पाहायची वस्तू, ही नजरही तिथेच पक्की झाली, असं मला वाटतं.

१९६५मध्ये 'लाइफ' या अमेरिकी मासिकात लेनार्ट निल्सन या स्वीडिश फोटोग्राफरचे गर्भाचे रंगीत फोटो आले. काळ्या पोकळीत तरंगणारा जणू अंतराळवीरच. प्रत्यक्षात एखादा अपवाद सोडला, तर ते गर्भ शरीराबाहेर काढलेले होते.

बाईचा चेहरा आणि पोट एकाच चौकटीत आलं की मात्र गडबड उडते. गुस्टाव क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराने १९०३मध्ये गरोदर बाईचं नग्नचित्र पूर्ण केलं. ते ज्याने विकत घेतलं, त्याने घरातही चित्रापुढे दारं लावून ते झाकून ठेवलं. पाउला मोडरझोन-बेकर या जर्मन चित्रकर्तीने १९०६मध्ये स्वतःलाच गरोदर रंगवलं: गळ्यात माळ, हात पोटाशी, नजर थेट पाहणाऱ्याकडे. गंमत म्हणजे ती तेव्हा गरोदर नव्हती. पुढच्याच वर्षी, मुलीच्या जन्मानंतर काही दिवसांतच ती वारली.

१९९१मध्ये डेमी मूर ही अभिनेत्री गरोदरपणी पोट उघडं ठेवून 'व्हॅनिटी फेअर' मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, तेव्हा अमेरिकेतल्या काही दुकानांनी अंक कागदात गुंडाळून विकला. निल्सनचा गर्भ मुखपृष्ठावर असलेला अंक त्याच देशात हातोहात खपला होता.