जाता-येताच्या वेगाचे कोडे

जाताना एका वेगाने आणि त्याच वाटेने परतताना दुसऱ्या वेगाने प्रवास झाला, तर सगळ्या फेरीचा सरासरी वेग किती, असे विचारणारे अंकगणितातले कोडे. मराठी पुस्तकांत ते ‘काळ, काम, वेग’ या प्रकरणात येते. इंदूरच्या मराठी घरांत त्याला दोन नावे आहेत. आजोबा काळ-काम-वेग म्हणतात, तर हिंदी माध्यमात शिकणारी नात ‘समय, चाल और दूरी’. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय इंदूरलाच असल्याने परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुलांनाही ते टळत नाही.

इंदूरकराला हे कोडे उज्जैनच्या रस्त्यावर मांडून दाखवावे. अंतर पंचावन्न किमीच्या आसपास. हिशेबाला ६० धरू. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालेली गाडी मोकळ्या रस्त्याने, ताशी ६० किमीने, एका तासात पोचली. महाकालाचे दर्शन झाले. परतताना गर्दी लागली, वेग ताशी ३० वर आला आणि घर गाठायला दोन तास गेले. सरासरी वेग किती? वहीच्या मागच्या पानावर ६०, त्याखाली ३०, बेरीज ९०, निम्मे ४५ : बहुतेकांचे पेन इथेच थांबते. बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर, उत्तर मात्र चूक. एकूण १२० किमीला तीन तास लागले, म्हणजे सरासरी ताशी ४० किमी.

चूक होते ती दोन्ही वेगांना सारखे वजन दिल्यामुळे. अंतर सारखे होते, वेळ नव्हता. गाडी ६० च्या वेगात एकच तास होती, ३० च्या वेगात दोन. म्हणून ६० एकदा आणि ३० दोनदा मोजावे लागतात : ६० + ३० + ३० = १२०, भागिले ३, उत्तर ४०. संथ चाल वेळ जास्त खाते, म्हणून सरासरीला आपल्याकडे ओढते.

सूत्र असे : दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज. यालाच हरात्मक मध्य म्हणतात. शिकवण्यांत ते आधी पाठ करून घेतात. पाठ सूत्राने उत्तर लवकर येते खरे, पण अट जरा बदलली की मूल अडते. त्यापेक्षा प्रश्न उलटा करावा : एका किलोमीटरला किती मिनिटे? जाताना एक, येताना दोन. सरासरी दीड मिनिट. दीड मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे तासाला ४०. मिनिटांची सरासरी सरळ निघते, कारण दोन्ही बाजूंचे किलोमीटर सारखे आहेत.

उलटे करून मिळवायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) चार झरे एक हौद अनुक्रमे १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात, चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? एका दिवसात ते १ + २ + ३ + ६ = १२ हौद भरतात, म्हणून एका हौदाला १/१२ दिवस.

निम्मे अंतर नव्हे, तर निम्मा वेळ ६० ने आणि निम्मा ३० ने गेला, तर मात्र ४५ हेच उत्तर खरे. कोड्यातला ‘निम्मा’ हा शब्द कशाला लागतो, ते आधी पाहावे. महेश्वरला नर्मदेत स्थिर पाण्यात ताशी १० किमी जाणारी नाव ताशी २ किमीच्या प्रवाहात घाला : वर जाताना ८, खाली येताना १२, फेरीची सरासरी ९.६. प्रवाहाने जाताना अडवले तेवढे येताना भरून दिले, असे वाटते. पण भरपाई पुरी होत नाही.

मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९३४ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांना असेच कोडे पत्रातून घातले होते. जुनी मोटार मैलभर चढ ताशी १५ मैलांनी चढते. दोन मैलांची सरासरी ३० हवी, तर पुढचा मैलभर उतार किती वेगाने उतरावा? हिशेब करेपर्यंत उतारासाठी वेळच उरत नाही हे आपल्या ध्यानात आले नव्हते, असे आइन्स्टाइन यांनी कळवले.

उज्जैनच्या रस्त्यावरही तेच. जाताना ताशी ३० ने गेलात आणि फेरीची सरासरी ६० हवी आहे. परतताना ९० ने आलात तर ४५ होते, १२० ने ४८, ३०० ने साडेचौपन्न. एकशेवीस किमीसाठी दोनच तास होते, आणि ते उज्जैनला पोचेपर्यंत संपले.