भांडी बाजारातली पातेली आणि क्ष-किरणांची दुर्बीण

परवा आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुनाच मेसेज फिरून आला: आज रात्री साडेबारा ते साडेतीन घातक वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल उशाशी ठेवू नका. खाली हात जोडलेल्यांची रांग. अहो, किरण रोजच येतात! आणि ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण तर वातावरणातच शोषले जातात. म्हणून तर ते टिपायला उपग्रह वर पाठवावा लागतो. आपला ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, साधारण ६५० किलोमीटर उंचीवर.

दवाखान्यातल्या यंत्रासारखे हे किरण सोडायचे नसतात, नुसते झेलायचे. पण झेलायचे कसे? साध्या आरशावर क्ष-किरण समोरून पडला की तो आत घुसतो आणि तिथेच जिरतो. चपटा दगड गोदावरीत वरून टाकला तर बुडतो, पाण्याला घासून भिरकावला तर टप्पे घेत जातो, तसंच इथे. किरण पृष्ठभागाला एखाद्या अंशाइतका, शक्यतो त्याहूनही कमी, तिरका आला तरच परततो. क्ष-किरणांसाठी धातूचा अपवर्तनांक (माध्यम किरणाला किती वळवतं, त्याचा आकडा; पोकळीसाठी तो एक) एकाहून किंचित कमी असतो. म्हणजे निर्वात पोकळी 'घन' माध्यम ठरते आणि धातू 'विरळ'. घन माध्यमातून विरळाकडे फार तिरका निघालेला किरण सगळाच परततो, ते शाळेतलं पूर्ण आंतरिक परावर्तन इथे बाहेरच्या बाजूने घडतं.

आता पंचाईत अशी, की १० सेंटीमीटर लांबीचा आरसा अर्ध्या अंशाने कलता ठेवला, तर किरणांना समोरून त्याची जेमतेम ०.९ मिलिमीटर पट्टी दिसते. एवढ्यात काय सापडणार? उत्तर आमच्या भांडी बाजारात आहे. एकात एक बसवलेल्या पातेल्यांची चळत वरून बघा: नुसत्या कडांची वर्तुळं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या ॲस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीत, फक्त बुडं नसलेली, अशीच चळत आहे: ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, सोन्याचा मुलामा दिलेले ३२० आरसे, एकामागे एक अशा दोन संचांत. किरण पुढच्या संचावर एकदा घासतो, मागच्यावर दुसऱ्यांदा, आणि दोन मीटरवरच्या संवेदकावर येऊन पडतो.

या दुर्बिणीचं झाकण कक्षेत गेल्या गेल्या उघडलं नाही. नव्या उपग्रहाच्या गोंदातून, रंगातून वाफा निघत असतात. त्यांचा थर संवेदकावर बसला तर मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण तिथेच अडतात. काही आठवडे थांबले, मग उघडलं.