अवकाळी, अतिवृष्टी, ओला दुष्काळ: पंचनाम्यातल्या शब्दांची पार्श्वभूमी

25 मे 2025 हा रविवार होता. बारामतीजवळ पिंपळी-लिमटेक भागात नीरा डावा कालवा फुटला, कऱ्हा नदीला पूर आला आणि बारामती-इंदापुरात आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. मोसमी पाऊस तळकोकणात देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, तेही त्याच दिवशी. सोमवारी तो मुंबई-पुण्यात पोचला. म्हणजे रविवारी घरात शिरलेलं पाणी मान्सूनपूर्व पावसाचं आणि सोमवारी तशाच ढगातून पडलेलं मोसमी. भिजलेलं धान्य उपसणाऱ्याला हा फरक सांगून बघा.

कागदावर मात्र तो करावा लागतो. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यात मदतीवरून जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी पावसाच्या प्रमाणापेक्षा पावसाच्या नावावरून झाली आहेत.

जुन्या माणसांकडे यासाठी दोन वेगळे शब्द होते. चैत्र-वैशाखात दुपारभर तापून संध्याकाळी विजा कडाडत येतो तो वळीव. त्याची वाट पाहिली जायची, कारण नांगरलेल्या रानातली ढेकळं त्यानं फुटतात. माघ-फाल्गुनात ज्वारी काढणीला आली असताना, द्राक्षात साखर भरत असताना येतो तो अवकाळी. त्याचं स्वागत कोणी केल्याचं ऐकिवात नाही. आता बातम्यांमध्ये नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत जे काही पडेल ते सगळं अवकाळीच. वळीव कवितेपुरता उरला.

गारपिटीचं शास्त्र थोडक्यात असं: जमीन तापलेली, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेली ओल, आणि वरच्या थरात उत्तरेकडून घुसलेली थंड हवा. या तिन्हींची गाठ पडली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो आणि गारा पडतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यासाठी सोयीचा काळ. शेतकऱ्याचा हाता-तोंडाशी आलेला घासही नेमका तेव्हाचाच.

सरकारी मदतीची मूळ चौकट दुष्काळाची आहे. ब्रिटिशांनी 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर जी संहिता घडवली, तिला पाणी कमी पडण्याची भाषा येत होती. आणेवारी, पुढे पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), सारासूट (शेतसाऱ्यात सवलत) हे सगळं त्याच घराण्यातलं. पाणी जास्त झालं तर काय, हे नंतर जोडत गेलेलं ठिगळ आहे. किल्लारीचा भूकंप, 26 जुलै 2005 ची मुंबई आणि त्याच वर्षीचा आपत्ती व्यवस्थापन कायदा हे टप्पे सगळ्यांना माहीत आहेत, त्यात इथे शिरत नाही.

आजच्या नियमांचा खरा जन्म 2014 आणि 2015 च्या दोन वसंतांत आहे. फेब्रुवारी 2014 च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात एवढी गारपीट झाली, की शिवारं पांढरी पडल्याचे फोटो आजही मोबाइलवर फिरतात. गहू, हरभरा आडवा झाला, डाळिंब-द्राक्षांच्या बागा सोलून निघाल्या, पाखरं मेली. त्यातच 5 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मदत जाहीर करायलाही निवडणूक आयोगाकडे जावं लागलं. पुढच्या वर्षी उत्तर आणि मध्य भारतालाही तसाच तडाखा बसला, तेव्हा कुठे दिल्ली हलली. 8 एप्रिल 2015 ला पंतप्रधानांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. मदतीसाठी किमान 50 टक्के नुकसानीची अट होती, ती 33 टक्क्यांवर आली. आणि दर दीडपट झाले: जिरायतीला हेक्टरी 4,500 चे 6,800, बागायतीला 9,000 चे 13,500, बहुवार्षिक पिकांना 12,000 चे 18,000.

33 टक्के हा आकडा ऐकायला सोपा आहे. बांधावर उभं राहिलं की अवघड होतो. गारेचा मार लागलेला द्राक्षाचा मणी पहिल्या दिवशी बऱ्यापैकी धड दिसतो, डाग आणि कूज नंतर उघडी पडते. कांद्याचं तर आणखी अवघड. भिजलेला कांदा शेतात ठीक वाटतो, चाळीत टाकल्यावर महिन्याभरात खालून पाणी सुटतं. तोवर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करून गेलेले असतात. लवकर आले तर नुकसान दिसत नाही, उशिरा आले तर शेतकऱ्यानं रान साफ करून टाकलेलं असतं.

आता नावाच्या गुंत्याकडे. केंद्राच्या निधीतून मदत द्यायची तर आपत्ती केंद्राच्या यादीत असावी लागते. यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाडीसारखा किडीचा हल्ला आणि थंडीची लाट आहे. त्यात गारपीट आहे, पण अवकाळी पाऊस नाही. एकाच संध्याकाळी, एकाच ढगातून, बांधाच्या अलीकडे गारा आणि पलीकडे नुसता पाऊस पडला तर अलीकडचा शेतकरी राष्ट्रीय आपत्तीत आणि पलीकडचा स्थानिक. हो, स्थानिक हाच सरकारी शब्द. राज्याला आपल्या यादीत काही आपत्ती घालता येतात, पण त्यांच्यावर आपत्ती निधीचा 10 टक्क्यांपर्यंतच भाग खर्च करता येतो. महाराष्ट्रानं या वाटेनं अवकाळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग या पाच गोष्टी आत घेतल्या. वरचा खर्च राज्याच्या तिजोरीतून. तिजोरी कोणाच्या हातात आणि निवडणूक किती लांब, यावर मग बरंच अवलंबून राहतं.

अतिवृष्टीला मिलिमीटरची अट आहे: महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त. हवामान खात्याची 'जोरदार पाऊस' ही श्रेणी 64.5 मिमीपासून सुरू होते, त्याच्या जवळपासचाच हा आकडा. एका मंडळात दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त गावं. पर्जन्यमापक एका गावात. वळवाचा ढग तर ओढ्याच्या एका काठाला झोडपतो आणि दुसऱ्या काठाला धूळ तशीच ठेवतो. महावेध या हवामान-नोंदीच्या प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं दोन हजारांहून अधिक मंडळांत बसली, तरी यंत्रावर 61 मिमी आणि रानात गुडघाभर पाणी, ही तक्रार संपलेली नाही.

मग दहा दिवस रिपरिप लागून पीक पिवळं पडलं आणि एकाही दिवशी 65 भरले नाहीत, तर? हा प्रश्न वर्षानुवर्षं टोलवला जात होता. एप्रिल 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'सततचा पाऊस' ही वेगळी आपत्ती मान्य केली. निकष असा: 15 जुलै ते 15 ऑक्टोबर या काळात मंडळात सलग 5 दिवस रोज किमान 10 मिमी पाऊस, आणि तोही त्याच काळातल्या मागच्या दहा वर्षांच्या सरासरीच्या दीडपट. शिवाय उपग्रहावरून पिकाची हिरवाई तपासायची आणि शेवटी पंचनाम्यात 33 टक्के नुकसान भरायला हवंच. चौथ्या दिवशी 9 मिमी पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. निकष करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. कुठेतरी रेघ मारावी लागतेच, हे मान्य. पण अशी रेघ मारताना कोणी भुईमुगाच्या रानात उभं राहिलं असेल, असं वाटत नाही.

सगळ्यात वादाचा निर्णय 30 मे 2025 चा. त्याआधीचा हिशेब पाहायला हवा. ऑगस्ट 2022 मध्ये राज्यानं केंद्राचे तेव्हाचे दर दुप्पट केले (हेक्टरी जिरायतीला 13,600, बागायतीला 27,000 आणि बहुवार्षिकला 36,000) आणि मर्यादा 2 हेक्टरवरून 3 वर नेली. दरम्यान केंद्राचे दर 8,500, 17,000 आणि 22,500 झाले आणि मार्च 2023 मध्ये राज्य त्यांवर परत आलं. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस नाशिक पट्ट्यात अवकाळी आणि गारपीट झाली, ओरड झाली, आणि 1 जानेवारी 2024 च्या निर्णयानं वाढीव दर व 3 हेक्टर पुन्हा आले. त्या वर्षात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होत्या, ही नोंद इथे करायला हरकत नाही. दोन्ही उरकल्या आणि 30 मे 2025 ला राज्य पुन्हा केंद्राच्या दरांवर, 2 हेक्टरांवर. 3 हेक्टर द्राक्षबाग पूर्ण गेली तर आधी 1,08,000 रुपये मिळाले असते, आता 45,000. जिरायतीत 40,800 चे 17,000 झाले. हेक्टरी 8,500 म्हणजे गुंठ्याला साधारण 85 रुपये. सरकारची बाजू अशी की केंद्राच्या दरापेक्षा जे जास्त द्यायचं ते सगळं राज्याच्या पदरचं, आणि ते कायमचं परवडणारं नाही. बाजू खोटी नाही. पण वेळ बघा: कुलाब्याला मे महिन्यात 295 मिमी पाऊस होऊन 1918 चा 279.4 मिमीचा विक्रम नुकताच मोडला होता, वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात गेलं होतं, बारामतीतला चिखल वाळला नव्हता.

त्या मे महिन्यानं आणखी एक गोष्ट उघडी पाडली. आपल्याकडची पूरतयारी तारखेनं चालते. नालेसफाईची मुदत 31 मे, पूरनियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू होतात ते साधारण 1 जूनपासून, गावोगावच्या बोटी तपासायच्या त्याही त्याच सुमाराला. कोल्हापूर-सांगलीनं 2019 च्या महापुरानंतर बरंच शिकून घेतलं आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. नीरा-कऱ्हेच्या खोऱ्यात असा आकडा कोणाच्या तोंडात नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात नदीकडे पाणी आहे का हे बघायची सवय, किती फूट आहे हे बघायची नाही.

सीना नदीच्या काठी सप्टेंबर 2025 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. माढा, मोहोळ, परांडा या भागांत गावांना पाण्याचा वेढा पडला, काही ठिकाणी माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. मातीच खरडून गेल्यानं 33 टक्क्यांचा प्रश्नच उरला नाही. विरोधकांपासून सत्ताधाऱ्यांच्या आमदारांपर्यंत सगळ्यांनी 'ओला दुष्काळ' (जास्त पाण्यानं पीक जाणं) जाहीर करा म्हणून आवाज उठवला. सरकारचं उत्तर: ओला दुष्काळ ही संज्ञा नियमपुस्तिकेत नाही, मात्र दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू करू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात केंद्राच्या दरावर रब्बीसाठी म्हणून हेक्टरी 10,000 ची भर घातली, तेव्हा जिरायतीचे 18,500 झाले. मर्यादा पुन्हा 3 हेक्टर. 30 मेचा निर्णय चार महिने टिकला.

पैसे खात्यावर जायचे तर शेतकरी ओळख क्रमांक हवा, नाहीतर ई-केवायसी. आणि सातबारा सामायिक असेल तर इतर खातेदारांची संमती. भाऊ पुण्याला, बहीण सुरतेला, चुलते वारलेले पण उताऱ्यावर जिवंत. त्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत पुढचा वळीव येऊन जातो, तो आता मृगाआधीचा की नंतरचा हे सांगता येत नाही.