खुलासा: एआरएन क्रमांक म्हणजे सल्लागाराचा परवाना नव्हे

बँकेतील वा कारखान्यातील नोकरी सोडून नव्या व्यवसायात शिरणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांमध्ये, एनआयएसएम या रोखे बाजाराचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची म्युच्युअल फंड परीक्षा दिली की माणूस ‘आर्थिक सल्लागार’ होतो, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे.

एनआयएसएमची मालिका ५-ए ही शंभर गुणांची, पन्नास गुणांना उत्तीर्ण होणारी परीक्षा आणि त्यानंतर ॲम्फीकडून (म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून) मिळणारा एआरएन हा नोंदणी क्रमांक यांमुळे केवळ वितरक, म्हणजे फंड विकणारा मध्यस्थ, होता येते. त्याचे उत्पन्न फंड कंपनीच्या कमिशनमधून येते. सल्लागारासाठी सेबी या बाजार नियामकाचे २०१३ चे विनियम लागू असून, त्यात ठरावीक शैक्षणिक पात्रता, एनआयएसएमच्याच १०-ए व १०-बी या परीक्षा आणि सेबीची नोंदणी आवश्यक असते, तर मोबदला ग्राहकाकडून घ्यायचा असतो. (१०-ए मध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात; पाठांतरावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

नौपाड्यात छापून घेतलेल्या एखाद्या व्हिजिटिंग कार्डावर ‘वेल्थ ॲडव्हायझर’ आणि त्याखाली फक्त एआरएन असेल, तर ते नियमबाह्य आहे. सल्लागाराच्या नोंदणीसाठी असलेली कामाच्या अनुभवाची अट मात्र डिसेंबर २०२४ मध्ये काढली गेली; आधी काही वर्षे अनुभव घेत बसावे लागत नाही, त्यामुळे ‘आता वय झाले’ ही सबब तितकीशी पटत नाही.