सालेंतोतील ऑलिव्ह लागवड

इटलीच्या आग्नेय टोकाला, एड्रिअ‍ॅटिक आणि आयोनियन या दोन समुद्रांच्या मध्ये घुसलेल्या सालेंतो द्वीपकल्पात ऑलिव्ह हे अनेक शतके मुख्य पीक राहिले आहे. पूल्या प्रदेशातील लेच्चे प्रांत आणि ब्रिंदिसी व तारांतो या प्रांतांचा काही भाग या टापूत मोडतो. खाली चुनखडीचा खडक, वर लाल मातीचा थर आणि नाव घेण्याजोगी एकही नदी नाही, अशा कोरड्या भूमीत हे झाड तग धरते.

येथे ऑलिव्ह केव्हा आले, याविषयी मतभेद आहेत. रोमन लेखक प्लिनीने फेनेस्तेल्ला या लेखकाच्या आधारे असे नोंदविले आहे की, रोमच्या तार्क्विनिअस प्रिस्कस राजाच्या काळी, म्हणजे इ. स. पू. ५८१ च्या सुमारास, इटलीत ऑलिव्हची झाडे मुळीच नव्हती. या विधानावर विसंबून, ग्रीक वसाहतकारांनी तारांतोमार्गे ही लागवड आणली असे मत दीर्घकाळ मांडले गेले. पुरातत्त्वीय पुरावा मात्र त्याला फारसा अनुकूल नाही. लेच्चे प्रांतात सापडलेल्या साठवणीच्या मोठ्या रांजणांत ऑलिव्ह तेलाचे अंश आढळले असून त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. बारावे-अकरावे शतक मानला जातो; तारांतो या ग्रीक वसाहतीची स्थापना मात्र परंपरेने इ. स. पू. ७०६ मध्ये धरली जाते. ओत्रांतोजवळील अलिमिनी पिक्कोलो सरोवराच्या तळगाळात सुमारे ५,५०० वर्षांचा परागकणांचा क्रम जपला गेला आहे व त्यातही ऑलिव्हचे पराग आहेत. परागावरून रानटी आणि लागवडीचे झाड वेगळे ओळखता येत नाही, ही या पुराव्याची मर्यादा होय. जनुकीय अभ्यासानुसार ऑलिव्ह प्रथम पूर्व भूमध्य किनाऱ्यावर माणसाळविले गेले आणि पश्चिमेकडे सरकताना त्याचा स्थानिक रानटी झाडांशी संकर होत गेला. हे सारे एकत्र पाहता, रानटी झाड येथे आधीपासूनच होते, त्याच्या फळांचे तेल ग्रीकांपूर्वी काढले जात होते आणि निवडक वाणांची शिस्तबद्ध लागवड तेवढी ग्रीक संपर्कानंतर वाढली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रोमन काळाविषयी आधार अधिक भक्कम आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात रोमन लेखक कातोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात लावण्याजोग्या वाणांमध्ये ‘सालेंतिना’ या वाणाचा उल्लेख केला आहे. ब्रिंदिसीच्या परिसरातील भट्ट्यांमध्ये घडविलेले तेलाचे कुंभ भूमध्य समुद्राच्या दूरदूरच्या किनाऱ्यांवर सापडले आहेत. बायझंटिन काळात ग्रीक उपासनाविधी पाळणाऱ्या ख्रिस्ती मठवासीयांनी लागवड पसरविली असे परंपरा सांगते. ते संभवनीय आहे, परंतु त्याचे श्रेय केवळ मठांना देणे योग्य ठरणार नाही.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सालेंतोचे तेल प्रामुख्याने ताटासाठी नव्हे, तर दिव्यासाठी निघत असे, हे या लागवडीचे खरे वैशिष्ट्य होय. झाडे उंच वाढू दिली जात, फळे पिकून आपोआप गळत आणि स्त्रिया ती जमिनीवरून झाडूने गोळा करीत. अशा फळांच्या तेलात आम्लता अधिक राही. त्यामुळे ते खाण्यास कमी प्रतीचे, पण जाळण्यास, साबणास आणि लोकर विंचरण्यास उत्तम ठरे. सालेंतोतीलच गाल्लीपोली बंदरातून ते लंडन व सेंट पीटर्झबर्गपर्यंत जाई. गाल्लीपोलीच्या मऊ खडकात कोरलेल्या टाक्यांत तेल लवकर निवळते, अशी त्या बंदराची ख्याती होती.

तेलाचे घाणे बहुधा जमिनीखाली, खडक कोरून केलेले असत. थंडीत तेल गोठू नये म्हणून ऊब हवी असे. ती भूगर्भ, दिवे, जनावरे आणि आंबणारी फळे यांतून मिळे. वरच्या भोकातून ओतलेली फळे कोठ्यांत साचत. डोळे बांधलेले खेचर उभे दगडी चाक फिरवी. झालेला लगदा विणलेल्या गोल चकत्यांत भरून लाकडी मळसूत्राच्या दाबयंत्राखाली रचला जाई आणि तेल-पाणी वेगळे होऊन सांडपाणी ‘इन्फेर्नो’, म्हणजे नरक, नावाच्या कुंडात उतरे. मजूर हंगामाचे महिनोन्महिने आतच राहत, तेथेच जेवत व झोपत. त्यांच्या मुकादमाला ‘नाकीरो’ म्हणत. हा शब्द जहाजाचा धनी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. उन्हाळ्यात हीच माणसे अनेकदा खलाशी असत, हे लक्षात घेतल्यास त्याची संगती लागते. गाल्लीपोलीतील ग्रानाफेई वाड्याखालचा घाणा आज पाहण्यास खुला आहे. प्रेसिच्चे येथेही असे घाणे आहेत.

गाल्लीपोलीचे वैद्य जोव्हान्नी प्रेस्ता (१७२०–१७९७) यांनी १७९४ मध्ये ऑलिव्हची झाडे, फळे आणि तेल काढण्याची रीत यांवर ग्रंथ लिहिला. तत्पूर्वी त्यांनी ६२ निरनिराळ्या तेलांचे नमुने नेपल्सचा राजा चौथा फेर्दिनांद यास सादर केले होते. फळे ताजी तोडून लगेच गाळल्यास उत्तम खाद्यतेल मिळते, हे त्यांनी सांगितले. परंतु दिव्याच्या तेलाला गिऱ्हाईक असेतोवर त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. वायूचे व रॉकेलचे दिवे आल्यावर ही बाजारपेठ आटली.

लागवडीत ‘ओल्यारोला सालेंतिना’ आणि ‘चेल्लीना दी नार्दो’ या दोन वाणांचा मोठा वाटा राहिला. २०१३ मध्ये गाल्लीपोली परिसरात ‘झायलेला फास्टिडिओसा’ या जिवाणूचा ‘पाउका’ हा उपप्रकार आढळला, तेव्हा हे दोन्ही वाण त्याला अतिशय बळी पडणारे निघाले. जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत साचतो व फांद्या टोकाकडून वाळत जातात. रसशोषक कीटक त्याचा प्रसार करतो. या कीटकाची पिले तणावर फेसाच्या पुंजक्यात वाढतात, म्हणून वसंतात तण काढण्यावर भर दिला जातो. हा जिवाणू मध्य अमेरिकेतून शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर आला असावा, असे जनुकीय साम्यावरून मानले जाते. बाधित झाडे तोडण्याच्या युरोपीय आदेशांना शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. आलिस्ते येथील सुमारे १,५०० वर्षांचे मानले जाणारे झाडही या रोगात वाळले. ऑलिव्हचा बुंधा आतून पोकळ होत असल्याने अशी वये अंदाजानेच सांगितली जातात. प्राचीन झाडांच्या रक्षणासाठी पूल्या प्रदेशाने २००७ मध्येच कायदा केला होता, मात्र तो झाडांची तोड रोखण्यासाठी होता, रोगाविरुद्ध नव्हे. आता नवी लागवड प्रामुख्याने ‘लेच्चीनो’ आणि ‘एफएस-१७’ या सहनशील वाणांची होत असून, जुन्या बुंध्यांवर त्यांची कलमे बांधून ते जगविण्याचे प्रयोगही चालू आहेत.