‘कंपाइल झालं, इम्पोर्ट होत नाही’ या चुकीमागचा इतिहास

सी मध्ये लिहिलेलं आपलं मॉड्यूल विनातक्रार कंपाइल होतं, लिंकही होतं, म्हणजे लायब्ररींशी जोडलं जातं. पायथनमध्ये इम्पोर्ट केलं की मात्र लायब्ररी (त्याला लागणाऱ्या तयार कोडची फाइल) उघडता येत नाही असा संदेश येतो. नवखा माणूस इथे पुन्हा पुन्हा आपलाच कोड तपासत बसतो. कोड बहुतेक वेळा बरोबर असतो. लायब्ररीशी जोडणी दोन वेळा होते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पूर्वी ती एकदाच होई. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर 1949 पासून तयार रुटीन (कोडचे छोटे तुकडे) भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर कपाटात ठेवलेली असत. हवी त्या पट्टीची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या पट्टीत घालायची. पत्ते जुळवून घेण्याची सोय डेव्हिड व्हीलर यांनी मशीनच्या आरंभीच्या आज्ञांमध्येच केली होती. पुढच्या स्टॅटिक लिंकिंगचं तत्त्वही तेच: प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात लायब्ररीची स्वतंत्र प्रत.

त्यात डिस्क आणि मेमरी वाया जाई. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने 1960 च्या दशकातच चालू प्रोग्रामला लायब्ररी जोडून दाखवली होती. युनिक्सच्या जगात 1988 च्या सनओएस 4.0 ने सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रामना मिळून एकच प्रत) रुळवली, मग सिस्टिम फाइव्ह रिलीज 4 या युनिक्सच्या आवृत्तीतून ईएलएफ हा प्रोग्राम आणि लायब्ररींचा फाइल प्रकार आला. लिनक्सने तो 1990 च्या दशकाच्या मध्यावर घेतला. त्याआधी तिथे प्रत्येक सामायिक लायब्ररीला मेमरीतला ठरावीक पत्ता राखून ठेवावा लागे, म्हणून ही मोठीच सुटका होती.

पण काम विभागलं गेलं. बिल्ड करताना लिंकर हा जोडणारा प्रोग्राम लायब्ररी शोधतो, चालवताना ती मेमरीत आणणारा लोडर नव्याने शोधतो. लिंकरला ‘वजा कॅपिटल एल’ने दाखवलेला फोल्डर लोडरला आपोआप कळत नाही, त्यासाठी आरपाथ (फाइलमध्येच नोंदवलेला शोधमार्ग) किंवा एलडीकॉन्फिग (सिस्टिमची लायब्ररी-यादी अद्ययावत करणारी आज्ञा) लागतं. शिवाय सामायिक लायब्ररी बनवताना न सापडलेले सिम्बॉल, म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलची नावं, लिंकर मुकाट्याने चालवून घेतो. ‘अनडिफाइंड सिम्बॉल’ची तक्रार येते ती लोडरकडून, तीही इम्पोर्टच्या क्षणी. अशा वेळी आधी एलडीडी ही फाइलला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा चालवून कोणती लायब्ररी सापडत नाही ते पाहावं.

जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या आवृत्त्यांचा त्रास वेगळा. नव्या मशीनवर बांधलेलं मॉड्यूल जुन्या मशीनवर नव्या आवृत्तीचे सिम्बॉल मागतं. म्हणून 2016 मध्ये पायथनवाल्यांनी मेनीलिनक्स 1 हे मानक ठरवलं: सेंटओएस 5 या लिनक्सइतक्या जुन्या सिस्टिमवर बांधा, पुढे जीलिबसी असलेल्या बहुतेक लिनक्सवर चालेल. त्याच वर्षीच्या पायथन 3.6 ने ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ वेगळी केली. मॉड्यूलचा शोधच लागला नाही तर ती येते. फाइल सापडूनही लोडर अडला, तर आजही साधी ‘इम्पोर्ट एरर’च दिसते.